एकाच साच्यातले फ्लोट

विमानाने तळ्याची अर्धी लांबी कापली तरी ते पाणी सोडेना. शेपटी खाली, समोर तुषार, आणि त्या चिमुकल्या मोटरचा रडका सूर. पलीकडचं गवत जवळ आलं तशी काठावरच्या घड्याळजीने हातातल्या रिमोटने मोटर बंद केली. हा सलग चौथा रविवार.

काठावर टेबल मांडून बसलेल्या त्याच्या बायकोने स्टॉपवॉच थांबवलं आणि वहीत त्याच्या नावापुढे आडवी रेघ मारली. खेळण्यातली विमानं उडवणाऱ्या हौशी लोकांच्या त्या मंडळात वेळ नोंदवायचं काम तिच्याकडे होतं. पुढचा नंबर दाताच्या डॉक्टरांचा. त्यांचं विमान अकरा सेकंदांत पाण्यावरून उठलं.

"वा, डॉक्टर," ती म्हणाली. घड्याळजीने ते बरोबर ऐकलं.

मोटर सगळ्यांना एकच लावायची, तीही दुकानात मिळणारी सगळ्यात लहान, असा मंडळाचा नियम होता. पाणी विमानाला खालून धरून ठेवतं, आणि दुबळ्या मोटरने ती पकड सोडवून दाखवणं हीच तर कसोटी होती. बरं, पाण्यावर तरंगायचे फ्लोटसुद्धा दोघांचे सारखेच. डॉक्टरांनी एकाच साच्यातून दोन जोड्या काढल्या होत्या आणि त्यातली एक घड्याळजीला भेट दिली होती, सांध्यावर नीट पट्टी चिकटवून, वर स्वतःच्या जोडीसारखाच पिवळा रंग देऊन. त्यामुळे दोष ढकलायला जागाच उरली नव्हती.

घड्याळजीने स्वतःचं विमान पार सोलून काढलं होतं. पंखांचा रंग खरवडला, बॅटरी लहान केली, स्क्रूसुद्धा दुकानातल्या तराजूवर तोलून बदलले. भेट मिळालेले फ्लोट तेवढे तोलले नाहीत. ते बरं दिसलं नसतं.

डॉक्टर सल्ला द्यायला कधी थकत नसत. पाणी आरशासारखं शांत असेल तर आधी एक गोल फेरी मारा, लाटा उठवा आणि मग त्यांच्यावरून धावा. वारा समोर घ्या. एक पंख किंचित उचला, म्हणजे एक फ्लोट आधी सुटेल. त्याने सगळं करून पाहिलं. सगळं पाण्यात गेलं.

"राग मानू नका," डॉक्टर त्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "पण तुमचा हात जड आहे."

केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं, तेही बायकोसमोर. ती थर्मासमधून नेहमीप्रमाणे पहिला कप नवऱ्याला देत होती. डॉक्टर दुसऱ्या कपाची वाट बघत म्हणाले, "नशीबवान आहात." त्याला तो टोमणाच वाटला.

घरी जाताना बायको म्हणाली, की डॉक्टर एकटे असूनही किती टापटीप राहतात. बस्स. तिच्या मनात काही नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. पण आठवडाभर डोकं त्या एकाच वाक्याभोवती फिरत राहिलं. त्याचा जळफळाट होत होता, आणि जळफळाट होतोय याची लाजही वाटत होती. येत्या रविवारी स्पर्धेची शेवटची फेरी. तिच्या हाताने आपल्या नावापुढे पुन्हा रेघ पडलेली त्याला बघवली नसती.

शनिवारी दुपारी दुकान बंद करून तो मंडळाच्या शेडमध्ये गेला. विमानं तिथेच ठेवलेली असत. खिशात दुकानातला स्क्रूड्रायव्हर होता. एका फ्लोटला चार स्क्रू. पंधरा मिनिटांत त्याने दोन्ही जोड्यांची अदलाबदल केली. डॉक्टरांची जोडी हाताला हलकी लागली. लागणारच, त्याच्या मनात आलं. पातळ, चांगला माल स्वतःला ठेवायचा आणि उरलेला दुसऱ्याला देऊन वर मोठेपणा मिरवायचा. मग त्याला अपराधी वाटेनासं झालं.

रविवारी वारा बेताचा होता. घड्याळजीने विमान पाण्यात सोडलं, गोल फेरी मारली, आणि मोटर पूर्ण वेगाने सोडली. विमान थोडं पुढे गेलं, फ्लोट पाण्याच्या वर आले, आणि बघता बघता खाली नुसतं पाणी उरलं.

"अहो, नऊ!" बायको खुर्चीतून उठली होती. "नऊ सेकंद!"

तिने आकडा लिहिला आणि त्याच्याकडे बघून हसली. ते हसू त्याने किती दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग डॉक्टरांचं विमान निघालं. शेपटी खाली, समोर तुषार. अर्धं तळं संपलं, पलीकडचं गवत आलं. डॉक्टरांनी तीनदा प्रयत्न केला आणि तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळावर घाम होता. बायकोने त्यांच्या नावापुढे रेघ मारली. डॉक्टर गुडघाभर पाण्यात उतरले, विमान उचललं, हातात जरासं तोललं, आणि झाडांपलीकडे लावलेल्या गाडीकडे निघून गेले.

घड्याळजीला आता मनसोक्त आनंद व्हायला हवा होता. पण बायको सगळ्यांना ती वही दाखवत फिरत होती आणि तो आकडा त्याला खुपायला लागला. दुसऱ्याच्या फ्लोटवर मारलेली बाजी ती. त्या माणसाने निदान मन मोठं करून भेट दिली होती. आपण काय केलं? सांगून टाकावं, माफी मागावी आणि मोकळं व्हावं, असं ठरवून तो झाडांकडे चालू लागला.

डॉक्टर गाडीच्या मागे पाठमोरे बसले होते. विमान मांडीवर उलटं घेतलेलं. त्यांनी मोटर पाहिली नाही, पंखा फिरवून बघितला नाही, बॅटरीलाही हात लावला नाही. चाकू काढून डाव्या फ्लोटच्या पट्टीला मधोमध बोटभर चीर दिली आणि फ्लोट तिरका केला. आत दाबलेल्या कापसासकट, मासेमारीच्या गळाला लावतात तसल्या शिशाच्या गोळ्या तळहातावर घरंगळल्या.

घड्याळजी झाडाआडच थांबला.

डॉक्टरांनी गोळ्या खिशात टाकल्या, उजवा फ्लोट वर घेतला, आणि न चाचपता, न शोधता, नेमक्या त्याच जागी चाकू लावला.