हिरव्या भिंतीचं मैदान

व्हिडिओ गेमवर बेसबॉल खेळताना एमेट कायम भडक नारिंगी कपड्यांचा संघ आणि गडद हिरव्या भिंतीचं मैदान निवडायचा. धाकटा भाऊ ड्वाइट त्याची टर उडवायचा, "हा संघ आहे की भोपळ्यांची गाडी?"

त्या रविवारी ड्वाइटनं हट्टानं पांढरे कपडे आणि फिकट राखाडी मैदान निवडलं. एमेटनं एकदाही बॅट फिरवली नाही.

"अरे, झोपलास का? मार की!"

एमेटनं कंट्रोलर खाली ठेवला. "दिसेनासं होत चाललंय रे मला. हिरव्या भिंतीपुढं चेंडू थोडा तरी दिसतो."

ड्वाइटचं हसू विरलं. त्यानं घाईघाईनं हिरवं मैदान लावलं.

"राहू दे," एमेट म्हणाला. "आता तूच खेळ. काय होतंय ते मला नुसतं सांगत जा."