मधलं पेडल

"चालवणार तुम्ही," झाइरा म्हणाली आणि डाव्या सीटवर जाऊन बसली.

अडेल्मो बार्तोलीनं उजव्या बाजूच्या स्टिअरिंगकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चौतीस वर्षांपूर्वी, शर्यतीच्या दिवशी, याच गाडीत आणि इटलीतल्या याच फुता घाटात त्याच्या जोडीचा मेकॅनिक नेरिओ मेला होता. झाइरा त्या नेरिओची मुलगी. गाडी रस्त्याकडेच्या गर्दीत घुसली तेव्हा खालच्या गावची एक बाईही गेली. अडेल्मोनं कोर्टात सरळ कबुली दिली होती: गाडी मी चालवत होतो, गोंधळलो, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. त्याला दोन वर्षं तुरुंगवास झाला.

नेरिओही त्याच गावचा. मेलेल्या बाईच्या घरच्यांनी त्याच्या विधवेला आपलं मानलं. दोन्ही घरांनी सुतक एकत्र पाळलं आणि शिव्याही एकाच माणसाला घातल्या. झाइराची आई मागच्या हिवाळ्यात गेली, तीही अडेल्मोच्या नावानं बोटं मोडतच.

"चौसष्ट वर्षांचा झालोय मी, पोरी. तू चालव."

"बसा."

तो बसला.

मोडेनातल्या आपल्या गॅरेजमध्ये झाइरानं ही गाडी सात वर्षं खपून उभी केली होती. एका शेतकऱ्याच्या गोठ्यात पडलेला सांगाडा तिनं आणला, तेव्हा शेजारचे मिस्त्री म्हणाले, भंगार ते भंगारच. झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवून, लाकडी हातोडीनं ठोकून ठोकून तिनं तो लांबट डौलदार आकार परत आणला. आता तेच मिस्त्री येऊन गाडीवरून हात फिरवून जात. छप्पर नाही, समोर वीतभर काच, आणि वजनाला उगाच म्हणून एक खिळा नाही. बनवणाऱ्यांनी सगळी अक्कल वेगात घातली होती आणि बसणाऱ्याच्या पाठीचा विचार देवावर सोडला होता.

अडेल्मोची नजर गाडीच्या नाकावर पडलेल्या पोच्याकडे गेली.

"हे काय?"

"पहिल्याच दिवशी अंगणातली भिंत."

"थांबायला गेलीस आणि मधलं दाबलंस."

"हो."

तो पहिल्यांदाच हसला. "रोजच्या गाड्या चालवणारे सगळे हेच करतात. त्यांत मधला ब्रेक, यात मधला ॲक्सिलरेटर. ब्रेक उजवीकडे."

"माहीत आहे."

"डोक्याला माहीत असून काय उपयोग? पायाला कळायला वर्षं जातात."

इंजिन खाकरलं, मग एका सुरात गाऊ लागलं. सहा सिलिंडरचा तो आवाज पाठीच्या मणक्यातून वर चढतो. अडेल्मोनं पहिली दोन वळणं जपून घेतली. तिसरं त्यानं वेग न सोडता घेतलं. झाइराला त्याचा राग यायला हवा होता, आणि येतही होता. पण असं चालवणं तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तिला एकच गोष्ट हवी होती. बाप कसा मेला, हे त्याच वळणावर याच्या तोंडून ऐकायचं. तो खोटं बोलला तर काय करायचं, हेही ठरलेलं होतं.

घाटमाथा मागे पडला आणि उतार लागला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला हातभर उंचीचा दगडी कठडा.

"ब्रेक कुणी बसवले?" त्यानं विचारलं.

"मी."

"तपासले कुणी?"

"तेही मीच."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. वेगही कमी केला नाही. जणू जे व्हायचं ते होऊ दे, असं त्यानं मनाशी म्हटलं असावं.

पाइनच्या झाडांमागून ते वळण दिसायला लागलं.

"इथं काय झालं, सांगा."

"कोर्टात सांगितलंय."

"मी तेव्हा पाळण्यात होते, सिन्योर. मला सांगा."

"गर्दी पाहून गोंधळलो. चुकून मधलं दाबलं. माझा गुन्हा होता, मी तो कबूल केला."

"तोवर अकरा वर्षं असल्याच गाड्या चालवत होतात तुम्ही."

"देवाचीही चूक होते."

झाइरानं ओठ घट्ट मिटले. वळण पन्नास पावलांवर आलं. ती एकदम सीटवरून अर्धी उठली, रस्त्याकडे हात केला आणि किंचाळली, "माणूस आलाय, थांबवा!"

टायर ओरडले. गाडीचं शेपूट एकदा डावीकडे गेलं, परत सरळ झालं, आणि कठडा चार हातांवर असताना गाडी जागच्या जागी थिजली. जळक्या रबराचा वास नाकात गेला.

रस्त्यावर कुणीही नव्हतं.

अडेल्मोच्या कपाळावरून घाम ओघळत होता. झाइरा रस्त्याकडे पाहतच नव्हती. ती त्याच्या उजव्या पायाकडे पाहत होती. बूट ब्रेकवर घट्ट रुतला होता.

"तुमचा पाय मधल्याकडे वळलासुद्धा नाही," ती म्हणाली.

त्यानं हँडब्रेक ओढला.

"बाबा रोज गॅरेजचा टेंपो चालवायचे." तिचा आवाज फाटला. "आणि त्या दिवशी ही गाडी?"

अडेल्मोनं इंजिन बंद केलं. खालच्या गावातल्या चर्चची घंटा ऐकू आली.

"माथ्यावर नेरिओ हटूनच बसला," तो म्हणाला. "म्हणाला, 'परवा मुलगी झालीय मला. बापानं ही गाडी शर्यतीत चालवली होती, असं तिला मोठेपणी सांगायला नको का? खालच्या गावापर्यंतच चालवायला दे.'"