रेषेवरचा चुना

“खरं सांग, वत्सला, त्या फायनलमधला माझा शेवटचा चेंडू रेषेवरच पडला होता ना? त्याला लागलेला चुना तू पुसलास!” सत्कारासाठी जिमखान्यात आलेल्या शरयूताईंनी चहाचा कप खाली ठेवत विचारलंच.

“पन्नास वर्षांपूर्वीचा चेंडू! मला मेलीला सकाळची गोळी घेतली की नाही, तेही आठवत नाही,” वत्सलाताई हसल्या. पंचांनी तो चेंडू बाहेर दिला आणि वत्सलाताई टेनिसच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. शरयूताई जन्मभर उपविजेत्याच राहिल्या. पुढे गुडघा गेला आणि खेळही सुटला.

“फोटोसाठी एकेक फटका मारा ना,” दोघींना कोर्टवर नेऊन हाती रॅकेट देत सेक्रेटरी म्हणाले. शरयूताईंनी पदर खोचला आणि इतक्या वर्षांचा राग एका फटक्यात ओतला. चेंडू पलीकडच्या ताज्या आखलेल्या रेषेवर पडला. पांढरी धूळ उडाली.

वत्सलाताईंनी वाकून चेंडू उचलला, त्याच्याकडे न बघताच पदराला खसाखसा पुसला आणि हसत ओरडल्या, “बाहेर!”

सगळे पोट धरून हसले. टाळ्या थांबेपर्यंत शरयूताई त्या पदरावरच्या पांढऱ्या डागाकडे बघत राहिल्या. तो दाखवायचा तरी कोणाला?