पेटीतली जागा

"मुलं किती?" सायकलच्या दुकानदाराने विचारले.

"दोन," ती म्हणाली.

म्हणाली आणि जीभ चावली. मुले तीन होती. तीन वर्षांची जुळी, तिच्या पोटची. आणि नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी, वय वर्षे नऊ. घरात सगळे तिला थोरली म्हणत. ही थोरली या घटकेला तिच्या पाठीमागेच, दुकानाच्या दारात उकिडवी बसून, जुळ्यांपैकी एकाच्या बुटाची नाडी बांधत होती.

तिने मान वळवून पाहिले. थोरली खाली मान घालून गाठ आवळत होती. ऐकले नसेल, तिने स्वतःला सांगितले. पण चोराच्या मनात चांदणे. नाडी बांधायला एवढा वेळ लागतो का?

खरे तर गोष्टींतल्या सावत्र आयांसारखे वागायचे नाही, हे तिने लग्नाच्या आधीच ठरवले होते, आणि निभावलेही होते. सकाळी तीन पेल्यांत दूध ओतले की ती वाकून, डोळे पेल्यांच्या रेषेत आणून पाही. थेंब इकडेतिकडे होऊ देत नसे. इतका हिशेब ठेवूनही कोणी नुसते विचारले तर तोंडातून दोनच निघाले. जिभेला हाड नसते म्हणतात. तिला वाटले, तिच्या जिभेला घरातली माणसेही मोजता येत नव्हती.

"दोनच ना? मग हीच घ्या!" दुकानदाराने आखूड सायकल पुढे ओढली. "पुढे पेटी, पेटीत एक बाक, दोन पट्टे. वळायला हलकी. ती लांबडी आहे चार पट्ट्यांची, पण ती बेकरीवाले नेतात, नाहीतर ज्यांच्या घरी पोरांची पलटण आहे ते."

ती लांबडीच घ्यायला आली होती. आदल्या दिवशी थोरलीनेच टेप लावून जिन्याखालची जागा मोजली होती. मोठी सायकल बसते म्हणून घरभर नाचली होती. येताना वाटभर तिचीच टकळी चालू होती. "आई, मी मागच्या बाकावर बसेन. म्हणजे पुढच्या दोघांना धरता येईल. आई, आणि परत येताना भाजीची पिशवी माझ्या मांडीवर."

एकच शब्द बदलायचा होता. चुकले हो, तीन, एवढे म्हणायचे. पण ते म्हटले की आधीचे दोन उघडे पडणार. ज्या पोरीने कदाचित ऐकलेच नाही, तिला ते मुद्दाम ऐकवल्यासारखे होणार. म्हणून ती आडवाटेने गेली.

"ती लांबडी पण बघू या की एकदा."

"रिकामा बाक वाहत कशाला फिरता, मॅडम? रोज चढावर पाय बोलायला लागतील."

"ही लहान पण छान आहे," थोरली हळूच म्हणाली. वाटभरची टकळी कुठे गेली होती कोण जाणे.



"चालवून बघा. रिकामी नको, रिकाम्या गाडीवर सगळेच बहाद्दर! पोरं बसवा," दुकानदार म्हणाला. थोरलीनेच दोघांना उचलून पेटीत बसवले, पट्टे लावले, पट्ट्याखाली बोट घालून घट्टपणा पाहिला. दोघे बसताच पेटी भरली. थोरली बाजूला उभी राहिली.

दुकानामागच्या अंगणात ती सायकल चालवू लागली. थोरली पेटीच्या कडेवर हात ठेवून बरोबरीने धावत होती. दुकानदार दारातल्या स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होता. "नजर लांब ठेवा, मॅडम! बघाल तिकडे सायकल जाते!"

नजर लांब ठेवायची कशी? ती धावणाऱ्या पोरीकडेच बघत होती. सायकलही तिकडेच गेली. वळणावर वेग संपला, हँडल मुरगळले आणि जुळ्यांसकट पेटी थोरलीच्या अंगावर कलंडू लागली.

थोरली बाजूला झाली नाही. तिने पेटीखाली खांदा दिला, कोपर भिंतीला टेकवले आणि दात आवळून उभी राहिली. दुकानदार धावत येऊन सायकल सरळ करेपर्यंत तिने ती पेलून धरली. जुळ्यांना ती गंमत वाटली. "ताई, परत! ताई, परत!"

थोरलीच्या कोपराचे सालटे निघाले होते. सायकलवरून उतरून ती पोरीपुढे खाली बसली आणि स्वतःचा रुमाल तिच्या कोपराला गुंडाळला. रक्त रुमालावर उमटले आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की उघडे पडण्याची भीती त्यापुढे काहीच नव्हती. आता बस्स. आता स्पष्ट सांगायचे. मला मुले तीन आहेत, ही माझी थोरली, ती लांबडी बाहेर काढा. वाक्य तयार होते. ती उठून उभी राहिली.

पण दुकानदार गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने आधीच थोरलीच्या पाठीवर थाप दिली होती.

"शाबास गं! तू नसतीस तर दोन्ही पोरं आपटली असती. कोण तू यांची?"

थोरलीने एकदा तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. गृहपाठ न केलेल्या मैत्रिणीला बाईंसमोर सांभाळून घ्यावे, तसे तिने पाहिले, आणि दुकानदाराकडे वळली.

"मी शेजारची," ती म्हणाली. "काकूंच्या मदतीला आलेय."