न्हाव्यांची शपथ

पदराखाली द्वारकेची बोटं पुन्हा केसांतून फिरली. ते आता कानापर्यंत आले होते. विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, अशी शपथ गावच्या न्हाव्यांनी देवळापुढं घेतली होती. बलुतं बुडालं, तरी एकही न्हावी बधला नव्हता. त्यांना ती शपथ घालणारा तिचाच थोरला भाऊ, अण्णा.

दुपारी त्यानं परसात पाट मांडला, शेजारी गरम पाण्याचा तांब्या ठेवला.

“बस, द्वारके. उद्या सोयरिकीची माणसं येणार. तुझे केस दिसले तर माझं लग्न मोडेल.”

द्वारकेला हसूच आलं. “न्हावी कुठून आणणार, अण्णा? तूच शपथ घातलीस ना?”

“त्यांची शपथ मी कशाला मोडू?” अण्णा म्हणाला, आणि मुंबईहून आणलेला स्वतःचा दाढीचा वस्तरा त्यानं उघडला.