भिंतीवरची पऱ्हाटी

नव्या कोऱ्या पांढऱ्या फरशीवर दहीभात पडला आणि कैलासनं चटकन इकडेतिकडे पाहिलं.

सावंगीच्या मेडिकल कॉलेजच्या हॉलमध्ये उद्घाटन होऊन तास झाला होता. पुण्याहून कला शिकून आलेल्या कैलासनं तिन्ही भिंतींवर प्रोजेक्टरनं कापसाचं शेत उभं केलं होतं. माणूस आत शिरला की कॅमेरा त्याला टिपायचा, आणि तो भिंतीवरच्या शेतात चालताना दिसायचा. हात लावाल तिथं बोंड फुटायचं. २००८ साली वर्ध्यात असलं कोणी पाहिलं होतं? मुंबईच्या प्रदर्शनासाठी निवड करायला एक साहेब खास आले होते. आज काही वावगं घडायला नको होतं, बस्स.

आणि नेमकी ही बाई! अंगावर नऊवारी लुगडं, चपला दारातच काढलेल्या. डबा उघडून तिनं भिंतीच्या कडेनं दहीभात शिंपडला, हात जोडले. पहिल्या वेचणीआधी बाया शेतात सीतादही करतात, अगदी तसं. मग पदराची ओटी खोचून ती चक्क उजेडातला कापूस वेचायला लागली. मेडिकलची पोरं फिदीफिदी हसली.

"हुबेहूब हाये रे," ती कैलासकडे वळून म्हणाली. "पन तुरीचं तास काऊन नाई? चार तासं पऱ्हाटी, मंग तूर."

तिचं खरं होतं; कापसाच्या चार ओळींमागे तुरीची एक ओळ असते, हे तो विसरलाच होता. कैलासची कानशिलं तापली.

"कोण आहेत ह्या?" साहेबांनी विचारलं.

"हॉल झाडायला येते, सर. अडाणी आहे. माफ करा."

बाईचा हात बोंडावरच थांबला. साहेब तिच्याजवळ गेले.

"मावशी, इथं कामाला आहात?"

तिनं कैलासकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला.

"हो जी," ती म्हणाली. "झाडाले येतो."

"कैलास, इतके लोक आले, पण शेतात गेल्या त्या ह्या एकट्याच," साहेब म्हणाले. "मुंबईला हेच न्यायचं!"

टाळ्या पडल्या. मग चहासाठी सगळे बाहेर गेले.

तिनं खाली बसून शितं वेचली, कोपऱ्यातला झाडू घेतला.

"राहू दे," कैलास पुटपुटला.

ती थांबली नाही. फरशी स्वच्छ झाल्यावर तिनं ओटी सोडली, रिकामा डबा पिशवीत घातला.

"आर्वीची गाडी चारले हाये, निंगतो मी. तुया बापाले सांगतो, लय चांगलं झालं म्हून. पन बापू, तुयी माय इथं झाडाले येते, हे त्यायले सांगजो नको."