नऊची मिस्सा

"नऊला तुमची उपासना आणि नऊलाच आईची मिस्सा." लेकीनं कागदावर दोन्ही वेळा लिहिल्या. "आता नाताळला कसं करायचं?"

"त्यात करायचं काय? दरवर्षीसारखंच," थोरला म्हणाला. "मी आणि पप्पा आमच्या चर्चला, तू तुझ्या. जेवायला सगळे एकत्र."

आईला जाऊन चार महिने झाले होते. मुलांची वाटणी लग्नातच ठरली होती: मुलगा झाला तर बापाच्या प्रोटेस्टंट चर्चचा, मुलगी झाली तर आईच्या कॅथलिक चर्चची.

बाप बाइंडर. खिडकीशी बसून गीतांच्या एका जुन्या पुस्तकाला पुठ्ठा चिकटवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ही मिस्सा आईच्या नावानं आहे," लेक म्हणाली. "फादर तिचं नाव घेऊन प्रार्थना करणार. मी एकटीच बसू का?"

"गेलेल्या माणसासाठी आपण प्रार्थना करत नाही, हे तुला माहितीये." थोरल्याचा आवाज खाली आला. "ती देवाजवळ पोचली. आता मागायचं काय राहिलं?"

"तिनंच मागितलं होतं. हॉस्पिटलात. 'माझ्यामागे कुणीतरी प्रार्थना म्हणा गं,' म्हणाली."

बाइंडरांचा खळ लावणारा हात थांबला. अडतीस वर्षं त्यांनी बायकोच्या मिस्सेला 'उठाबशा' म्हणून चिडवलं होतं. 'तुमच्याकडे तर नुसती भाषणं,' ती म्हणायची. तिच्या अंत्यविधीलाही ते शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते.

त्यांनी बोटं फडक्याला पुसली.

"मी येतो."

"पप्पा, अहो, पण नऊला आपली..."

"तू जा ना आपल्याकडे. पाळकांनी विचारलं तर सांग, बायकोबरोबर गेलेत."

मग ते लेकीकडे वळले. "मला तिथलं काही येत नाही. गुडघे कधी टेकायचे, किती वेळ, सगळं दाखव."

लेकीनं खुर्ची पुढे ओढली. खुर्चीची पाठ धरून ते हळूहळू वाकले, एक गुडघा टेकला, मग दुसरा. थोरला धरायला उठला, तर हातानंच त्याला नको म्हणाले. मान खाली गेली. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

लेकीनं जरा वाट पाहिली. मग खांद्यावर हात ठेवला.

"उठा पप्पा. तिथं एवढा वेळ नसतो."

"असू दे," ते म्हणाले.